उंच इमारत, सोपे इंग्रजी
('तैपेई १०१' या इमारतीच्या निमित्ताने वर्णनलेखनाचा एक पाठ)

संस्थेच्या स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे काहीतरी लिहून द्यावे, अशी सूचना कार्यकारिणीने केली. आमची नोकरी बँकेत, लिपिकाच्या टेबलावर. शिक्षण कला शाखेचे. आम्ही कोणी इंग्रजीचे प्राध्यापक नव्हे. तथापि संस्थेच्या अभ्यासिकेत रविवारी सकाळी आम्ही विद्यार्थ्यांचा इंग्रजीचा वर्ग घेतो. त्या वर्गात जे शिकवले, आणि शिकवता शिकवता जे आम्हीच शिकलो, ते येथे मांडत आहोत.

एका रविवारी आम्ही फळ्याशेजारी एका इमारतीचे मोठे चित्र लावले. तैवानमधील 'तैपेई १०१' ही ती इमारत. चित्र पाहून इंग्रजीत दहा ओळी लिहा, असे सांगितले. बी. ए.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीने सर्वांत आधी वही पुढे केली. तिचे पहिले वाक्य असे होते : "धिस मॅग्निफिसंट अँड ब्युटिफुल बिल्डिंग इज टचिंग द ब्लू स्काय अँड फिलिंग अवर हार्ट्स विथ ग्रेट जॉय." म्हणजे, ही भव्य व सुंदर इमारत निळ्या आभाळाला स्पर्श करीत असून आपली हृदये महान आनंदाने भरीत आहे. व्याकरणात चूक नव्हती. आम्ही विचारले, "इमारत गोल आहे की चौकोनी?" तिने पुन्हा चित्राकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "सर, हे वाक्य गाइडमधलं आहे. ताजमहालाच्या निबंधात होतं." आम्ही म्हणालो, "मग तुला जे दिसतंय तेच लिही." त्यावर ती जे म्हणाली त्यातूनच हा लेख निघाला आहे. ती म्हणाली, "सर, इतकं साधं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, हिला इंग्रजी येत नाही."

ही भीती तिच्या एकटीची नाही. ज्यांच्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र कधी आले नाही, त्या प्रत्येक घरातल्या मुलाला ती वाटते. आम्हालाही वाटत होती, आणि तिची किंमत आम्ही मोजली आहे.

आमचाच एक अनुभव

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही अधिकारीपदाच्या मुलाखतीला बसलो होतो. कोठे, हे सांगण्याचे कारण नाही. समोर तिघे होते. त्यांपैकी एकाने इंग्रजीत विचारले, "आपण ज्या इमारतीत बसलो आहोत, तिचे वर्णन करा." अर्ध्या तासापूर्वी आम्ही त्याच इमारतीच्या दारातून आत आलो होतो आणि जिना चढून वर गेलो होतो. पण आमच्या तोंडून एकही साधे वाक्य निघाले नाही. पाठ केलेल्या निबंधातले 'आर्किटेक्चरल मार्व्हल' आणि 'सिंबल ऑफ ग्लोरी' असले शब्द निघाले. विचारणाऱ्याने शांतपणे पुढचा प्रश्न केला, "जिना कोणत्या बाजूला होता?" आम्हाला सांगता आले नाही. निवड झाली नाही. बाहेर पडताना आम्ही त्या जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरलो.

त्या दिवशी कळले ते एवढेच : अडचण इंग्रजीची थोडी होती आणि पाहण्याची जास्त. जे नीट पाहिलेले असते ते मोडक्या-तोडक्या भाषेतही सांगता येते. जे पाहिलेच नाही, ते झाकण्यासाठी मोठे शब्द लागतात.

इमारतीची ओळख

वर्णन करण्याआधी माहिती जमवावी लागते. तैपेई ही तैवानची राजधानी. तिच्या शिन्यी नावाच्या भागात ही इमारत उभी आहे. वास्तुशिल्पकार सी. वाय. ली. बांधकाम १९९९ मध्ये सुरू झाले व ३१ डिसेंबर २००४ रोजी इमारत खुली झाली. टोकापर्यंतची उंची ५०८ मीटर. २००४ पासून २०१० पर्यंत ती जगातील सर्वांत उंच इमारत होती. २०१० च्या जानेवारीत दुबईचा ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा खुला झाला आणि तो मान तिकडे गेला.

जमिनीवर १०१ मजले आहेत आणि जमिनीखाली ५. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. आपल्याकडे आधी तळमजला आणि मग पहिला मजला असे मोजतात. तैवानमध्ये जमिनीलगतच्या मजल्यालाच पहिला मजला म्हणतात. मजल्यांचा आकडा लिहिताना कोणत्या देशाची मोजणी आहे हे ठाऊक असावे.

आता आकार पाहू. खालचे सुमारे २५ मजले वर जाताना आत झुकत जातात, जणू वरचे टोक कापलेला पिरॅमिड. त्यावर एकसारखे आठ भाग एकावर एक रचलेले आहेत. प्रत्येक भागात आठ मजले. प्रत्येक भाग तळाशी अरुंद आणि वर किंचित रुंद आहे. घरातले पाण्याचे आठ पेले तोंड वर करून एकावर एक ठेवले तर जशी चळत दिसेल, तशी ही चळत दिसते. फक्त पेला गोल असतो आणि हे भाग चौकोनी आहेत. सर्वांत वर निमुळता शिखरभाग. बाहेरून सगळीकडे निळसर हिरवी काच.

पॅगोडा म्हणजे काय?

या इमारतीला पाहून सर्वांच्या तोंडी एक शब्द येतो, 'पॅगोडा'. हा शब्द आपण सहज वापरतो, पण वर्णन करणाऱ्याने तो समजून वापरला पाहिजे. आणि तो समजून घेताना आपल्याला आपल्याच देशात यावे लागते.

पॅगोड्याचे मूळ स्तूपात आहे. सांचीचा स्तूप डोळ्यांसमोर आणा. खाली अर्धगोल अंड, त्यावर चौकोनी हर्मिका, तिच्यात उभी यष्टी आणि यष्टीवर एकावर एक छत्रे. भाजे, कार्ले आणि अजिंठा येथील चैत्यगृहांतही हाच आकार कातळात कोरलेला आहे. बौद्ध धम्म मध्य आशियाच्या वाटेने चीनमध्ये गेला तेव्हा स्तूपही गेला. चीनमध्ये अनेक मजली बुरूज बांधण्याची परंपरा आधीपासून होती. या दोहोंचा मिलाफ झाला. बुरुजाची उंची वाढत गेली आणि आपली छत्रावली त्याच्या माथ्यावर जाऊन बसली. प्रत्येक मजल्याला स्वतंत्र छपराची कड आली आणि ती बाहेर डोकावू लागली. हाच चिनी पॅगोडा.

चीनच्या हनान प्रांतातील सोंगयुए येथील विटांचा पॅगोडा इ. स. ५२३ चा असून त्याला बारा बाजू आहेत. शान्शी प्रांतातील यिंगशियान येथील पॅगोडा १०५६ सालचा, पूर्ण लाकडी आणि सुमारे ६७ मीटर उंच. भूकंपाच्या प्रदेशात तो साडेनऊशेहून अधिक वर्षे उभा आहे. त्याच्या लाकडी जोडांमध्ये थोडी हालचाल करण्याची सोय आहे. धक्का बसला की जोड थोडे सरकतात, त्यामुळे सांगाडा मोडत नाही.

तैपेईच्या इमारतीतील प्रत्येक भागाची वरची कड बाहेर डोकावते. ती दुरून पॅगोड्याच्या छपराच्या कडेसारखी दिसते. म्हणून ती इमारत पॅगोड्यासारखी वाटते. बांबूच्या पेरांचीही ती आठवण देते, आणि हे साम्य योजून आणलेले आहे. आता पहा, "इट इज अ पॅगोडा" असे लिहिले तर ते चूक ठरेल, कारण ती कार्यालयांची आणि दुकानांची इमारत आहे. "इट लुक्स लाइक अ पॅगोडा" म्हणजे "ती पॅगोड्यासारखी दिसते", हे बरोबर. 'इज' आणि 'लुक्स लाइक' या दोहोंत सत्य आणि साम्य यांचा फरक आहे.

आपल्या मुंबईतील वाचकांना 'पॅगोडा' म्हटले की गोराईचा विपश्यना पॅगोडा आठवेल. तो २००९ मध्ये खुला झाला. त्याची घडण मात्र ब्रह्मदेशातील श्वेडगॉन पॅगोड्यावरून घेतलेली आहे. तो मजल्यांचा नसून घुमटाचा आहे. शब्द एक, वस्तू दोन. म्हणून नुसता शब्द लिहून थांबू नये, आकार सांगावा.

वर्णनाचा क्रम

आमच्या वर्गात आम्ही पाच पायऱ्या ठरवल्या आहेत. उच्चार ओळखीचे व्हावेत म्हणून वाक्ये येथे देवनागरीत दिली आहेत. विद्यार्थ्यांनी ती वहीत रोमन लिपीत उतरवून स्पेलिंग शब्दकोशातून तपासून घ्यावे. तो या पाठाचाच भाग आहे.

१) काय आणि कोठे : "तैपेई वन ओ वन इज अ टॉवर इन तैपेई, तैवान." पहिले वाक्य एवढेच पुरे. वाचणाऱ्याला आधी जागा कळू द्यावी.

२) कोणी आणि केव्हा : "इट वॉज डिझाइन्ड बाय सी. वाय. ली. इट ओपन्ड इन टू थाउजंड अँड फोर." झालेली गोष्ट भूतकाळात, असलेली गोष्ट वर्तमानकाळात. इमारत बांधली गेली ते भूतकाळात. ती उभी आहे, म्हणून 'स्टँड्स'.

३) किती : "इट इज फाइव्ह हंड्रेड अँड एट मीटर्स हाय. इट हॅज वन हंड्रेड अँड वन फ्लोअर्स अबव्ह द ग्राउंड अँड फाइव्ह बिलो इट." आम्ही बँकेत असल्याने आकड्यांबाबत कडक आहोत. धनादेशावर अंकांतली रक्कम आणि अक्षरांतली रक्कम जुळली नाही तर तो परत जातो. वर्णनातही तसेच आहे. 'खूप उंच' हा आकडा नव्हे.

४) खालून वर : डोळा जसा वर चढतो तसे वाक्य चढावे. "द बेस गेट्स नॅरोअर ॲज इट राइजेस. अबव्ह द बेस देअर आर एट सेक्शन्स. ईच सेक्शन हॅज एट फ्लोअर्स. ईच सेक्शन इज वाइडर ॲट द टॉप दॅन ॲट द बॉटम." मध्येच शिखर आणि पुन्हा पाया, असे उड्या मारत लिहू नये. वरून खाली लिहिले तरी चालेल, पण एकच दिशा धरावी.

५) कशासारखे : "फ्रॉम अ डिस्टन्स इट लुक्स लाइक अ पॅगोडा, ऑर अ स्टेम ऑफ बांबू." उपमा शेवटी द्यावी. आधी वस्तू, मग तिची उपमा. गाइडमधल्या निबंधात उपमाच आधी येते आणि वस्तू येतच नाही.

दिसते, समजते आणि मानले जाते

वर्णन करताना तीन प्रकारच्या गोष्टी हाती येतात. त्या तीन वेगळ्या रकान्यांत ठेवाव्यात. खतावणीत एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यात पडली की सगळा ताळेबंद बिघडतो. तसेच हे.

पहिला रकाना, डोळ्यांना दिसते ते. पायाच्या भागावर प्रत्येक बाजूला एक मोठे गोल चिन्ह आहे. ते जुन्या चिनी नाण्याचे आहे : बाहेरून गोल आणि मध्ये चौकोनी भोक. भागांच्या कडेला वळणदार, ढगासारखी नक्षी आहे. तिला 'रूयी' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ 'इच्छेप्रमाणे' असा होतो.

दुसरा रकाना, कारण समजून घेतल्यावर कळते ते. इमारतीचे चारही कोपरे सरळ नाहीत, करवतीच्या दात्यांसारखे खाचलेले आहेत. पाहणाऱ्याला ती सजावट वाटेल. पण बोगद्यात वारा सोडून नमुन्याची चाचणी घेतली तेव्हा असे आढळले की, या खाचांमुळे वाऱ्याचा जोर सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी होतो. तसेच आठ-आठ मजल्यांच्या भागांमागे पोलादी सांगाड्याचे गणित आहे. दर आठ मजल्यांवर आडवे मजबूत पोलादी बांधणे आहे आणि ते मधल्या गाभ्याला बाहेरच्या प्रचंड खांबांशी जखडते. म्हणजे पॅगोड्याच्या रूपात सांगाड्याचेही काम लपलेले आहे.

तिसरा रकाना, लोक मानतात ते. चिनी भाषेत 'आठ' या शब्दाचा उच्चार 'भरभराट होणे' या अर्थाच्या शब्दाशी मिळताजुळता आहे. म्हणून आठ हा आकडा शुभ मानला जातो. हे लिहिताना "एट इज अ लकी नंबर" असे लिहू नये. "मेनी चायनीज पीपल कन्सिडर एट अ लकी नंबर" म्हणजे "अनेक चिनी लोक आठ हा आकडा शुभ मानतात", असे लिहावे. 'कन्सिडर' हा एक शब्द घातला की दुसऱ्याच्या समजुतीचा अनादर होत नाही आणि तिच्यावर आपली सहीही होत नाही. आपण बुद्धिवादाच्या वाटेने चालणारे लोक. आपल्याला तर या शब्दाची गरज अधिक आहे.

आकडा शुभ असला तरी बांधकामाला धोका असतोच. ३१ मार्च २००२ रोजी भूकंप झाला तेव्हा इमारत अर्धीमुर्धी उभी होती. ५६ व्या मजल्याच्या उंचीवरून दोन क्रेन कोसळल्या आणि पाच माणसे मृत्युमुखी पडली. चकचकीत चित्रात ही माणसे दिसत नाहीत. इमारतीच्या वर्णनात एक वाक्य त्यांच्यासाठी असावे असे आम्हाला वाटते : "फाइव्ह पीपल डाइड व्हेन टू क्रेन्स फेल ड्युरिंग ॲन अर्थक्वेक इन टू थाउजंड अँड टू." या वाक्याला कोणतेही विशेषण लागत नाही.

पोलादी गोळा : यंत्र कसे सांगावे

या इमारतीत वर्णनाच्या दृष्टीने सर्वांत अवघड आणि सर्वांत मौजेची वस्तू म्हणजे आतला पोलादी गोळा. तैवान बेट भूकंपाच्या पट्ट्यात आहे आणि दरवर्षी तेथे मोठी वादळे येतात. इतकी उंच इमारत वाऱ्याने डोलते. मोडली नाही तरी आतल्या माणसांना गरगरते. यावर उपाय म्हणून ९२ व्या मजल्यापासून जाड पोलादी दोरांनी एक गोळा टांगलेला आहे. वजन ६६० टन, व्यास साडेपाच मीटर. पोलादाच्या ४१ जाड चकत्या एकावर एक जोडून तो केलेला आहे. इतर इमारतींत असे यंत्र झाकून ठेवतात, येथे ते सोनेरी रंगवून पाहुण्यांना दाखवले आहे.

तो काम कसे करतो? घड्याळाच्या लंबकाची कल्पना करा. वारा इमारतीला एका बाजूला ढकलतो. गोळा जड असल्याने लगेच हलत नाही, तो मागे राहतो आणि इमारतीला उलट बाजूस ओढतो. त्याच्याभोवती तेलाचे दट्टे आहेत. गोळ्याच्या हालचालीचा जोर ते जिरवतात. त्यामुळे डोलणे कमी होते. ऑगस्ट २०१५ मध्ये सौदेलोर नावाचे वादळ आले तेव्हा हा गोळा सुमारे एक मीटर हलला होता.

हे सगळे इंग्रजीत सांगायला किती वाक्ये लागतील? मुलांना वाटले, वीस. आम्ही चार वाक्यांत बसवले : "अ हेवी स्टील बॉल हँग्ज निअर द टॉप. व्हेन द विंड पुशेस द टॉवर वन वे, द बॉल पुल्स इट द अदर वे. ऑइल-फिल्ड पिस्टन्स स्लो द बॉल डाउन. सो द टॉवर मूव्हज लेस." यंत्राचे वर्णन करण्याचा नियम एकच : आधी वस्तू कोठे आहे, मग काय घडले की ती काय करते, आणि शेवटी त्याचा परिणाम काय. 'व्हेन' आणि 'सो' हे दोन लहान शब्द येथे सगळा भार उचलतात.

एका जुन्या वर्णनकाराची आठवण

पाहून नीट लिहिण्याची परंपरा जुनी आहे. चिनी भिक्खू युआन श्वांग (ह्युएनत्संग) सातव्या शतकात भारतात आले. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या काळात ते महाराष्ट्रातही आले होते. ६४५ मध्ये ते मायदेशी परतले आणि ६४६ मध्ये त्यांचा प्रवासवृत्तान्त पूर्ण झाला. प्रत्येक देश किती विस्ताराचा, जमीन कशी, हवामान कसे, माणसे कशी, विहार किती, असा त्यांचा ठरलेला क्रम आहे. महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवर डोंगराच्या कड्यात असलेल्या एका विहाराचे वर्णन त्यात आहे. अभ्यासक ते अजिंठ्याचे मानतात. दारापुढच्या दोन दगडी हत्तींचा त्यात उल्लेख आहे. ते हत्ती कधी कधी चीत्कार करतात आणि जमीन हादरते, ही लोकांत चालत आलेली गोष्टही तेथे आहे. पण ती त्यांनी 'असे सांगतात' म्हणूनच नोंदवली आहे. आम्ही वर सांगितलेला तिसरा रकाना त्यांनी जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वी वेगळा ठेवला होता.

त्यांनी भारतातून नेलेले ग्रंथ आणि मूर्ती ठेवण्यासाठी चांगआन, म्हणजे आजच्या शीआन शहरात, ६५२ मध्ये एक पॅगोडा बांधला गेला. तो आधी पाच मजली होता. आज तो सात मजली, सुमारे ६४ मीटर उंचीचा आहे. ग्रंथांसाठी बांधलेल्या त्या बुरुजापासून तैपेईच्या काचेच्या इमारतीपर्यंत आकाराचे एक नाते लागते, आणि त्याचे दुसरे टोक सांची आणि अजिंठ्याकडे येते. आमच्या विद्यार्थ्यांना हे चित्र परके वाटण्याचे कारण नाही.

नेहमीच्या चुका

वर्गातील वह्यांत वारंवार आढळलेल्या चुका अशा :

१) 'इट इज हॅविंग वन हंड्रेड अँड वन फ्लोअर्स' असे लिहू नये. 'इट हॅज' लिहावे. मराठीतल्या 'आहे'मुळे ही चूक होते.

२) 'फाइव्ह हंड्रेड अँड एट मीटर' नव्हे, 'मीटर्स'. एकाहून अधिक असले की अनेकवचन.

३) शहराच्या नावापूर्वी 'द' लावू नये. 'इन द तैपेई' चूक, 'इन तैपेई' बरोबर. इमारतीच्या भागांना मात्र 'द' लागतो : 'द बेस', 'द टॉप'.

४) 'व्हेरी व्हेरी टॉल' नको. मराठीत आपण 'उंचच उंच' म्हणतो, ते शोभते. इंग्रजीत आकडा द्यावा.

५) एका वाक्यात चार 'अँड' आले की वाक्य तोडावे. पूर्णविराम द्यायला पैसे पडत नाहीत.

साधे म्हणजे कच्चे नव्हे

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. साधे लिहिले तर इंग्रजी येत नाही असे वाटेल का? आमचे उत्तर असे. रुपयाच्या प्रश्नासारखा किचकट विषय बाबासाहेबांनी १९२३ मध्ये इंग्रजी ग्रंथातून मांडला. विषय अवघड होता, म्हणून मांडणी मुद्द्याला मुद्दा जोडून करावी लागली. ज्याला विषय कळलेला असतो त्याला शब्दांचा आडोसा लागत नाही. अवघड इंग्रजीने वाचणारा क्षणभर दबतो, पण सोप्या इंग्रजीने त्याला गोष्ट कळते. नोकरीच्या मुलाखतीत, अर्जात, अहवालात शेवटी गोष्ट कळावी लागते. आणि आणखी एक. गाइडमधले वाक्य कोणाचेही असते. पाहून लिहिलेले वाक्य तुमचे असते. त्यावर कोणी उलट प्रश्न विचारला तर तुम्हाला उत्तर देता येते, कारण तुम्ही पाहिलेले असते.

पुढच्या रविवारी त्या मुलीने पुन्हा वही दिली. तिच्या दहा वाक्यांत तीन चुका होत्या. पण चौथे वाक्य असे होते : "द कॉर्नर्स आर नॉट स्ट्रेट. दे हॅव स्मॉल कट्स लाइक द टीथ ऑफ अ सॉ." कोपरे सरळ नाहीत, त्यांना करवतीच्या दात्यांसारख्या खाचा आहेत. हे आम्ही तोवर वर्गात सांगितलेच नव्हते. ते तिने चित्रात पाहिले होते. खरे तर त्या खाचांकडे आमचे लक्ष तिनेच वेधले आणि मग आम्ही कारण शोधले. 'सॉ' हा शब्द तिला कोठून मिळाला, असे विचारले. म्हणाली, "बाबा सुतारकाम करतात, सर. करवतीला इंग्रजीत काय म्हणतात ते शब्दकोशात पाहिलं."

अभ्यासासाठी

१) आपल्या अभ्यासिकेच्या किंवा विहाराच्या इमारतीचे वरर सांगितलेल्या पाच पायऱ्यांनी दहा वाक्यांत इंग्रजी वर्णन करा. उंची माहीत नसेल तर पायऱ्या मोजा.

२) गोराईचा पॅगोडा किंवा जवळचे एखादे लेणे पाहून या. दिसलेले, समजलेले आणि लोक मानतात ते, असे तीन रकाने करून प्रत्येकात तीन नोंदी करा.

३) घरातील एका यंत्राचे, उदाहरणार्थ शिलाई मशीन किंवा कुकरची शिटी, 'व्हेन' आणि 'सो' वापरून चार वाक्यांत वर्णन करा.

४) आपल्या वहीतील जुना निबंध काढा. न पाहता लिहिलेल्या प्रत्येक वाक्याखाली रेघ मारा. उरलेली वाक्ये मोजा.

वह्या तपासायला आम्ही दर रविवारी सकाळी अभ्यासिकेत असतो. चुकांची लाज बाळगू नये. सभासद बंधुभगिनींनीही आपल्या मुलांना पाठवावे, आणि जमल्यास स्वतः यावे. मागच्या बाकावर जागा असते.